‘आय कुड नॉट एबल टू कम’ यात नेमकं काय चुकतं?

रात्रशाळा_परळ यांचा प्रश्न:

रात्रशाळेतल्या दहा-बारा मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांकडून इंग्रजी बोलण्याचा सराव करून घ्यायचा आहे. कोणी कुरिअरमध्ये आहे, कोणी दुकानात, दोघं-तिघं ऑफिसात क्लार्क. शब्द त्यांच्याकडे पुरेसे आहेत. पण ‘येतं’, ‘जमतं’, ‘शकतो’ यांच्यातलं काही बोलायचं झालं की वाक्य हमखास बिघडतं. त्यांची मराठी वाक्यं आणि त्यांनी केलेलं इंग्रजी जसंच्या तसं देतो.

१. मला पोहता येतं. – आय नो स्विमिंग.
२. गर्दी होती तरी मी दादरला उतरू शकलो. – आय कुड गेट डाऊन ॲट दादर.
३. सोमवारी मला येता आलं नाही. – आय कुड नॉट एबल टू कम ऑन मंडे.
४. उद्या मी येऊ शकणार नाही. – आय विल नॉट कॅन कम टुमॉरो.
५. मी आधीच्या गाडीने येऊ शकलो असतो. – आय कुड केम बाय अर्लिअर ट्रेन.
६. तुमचा आवाज येत नाहीये. – युअर व्हॉइस इज नॉट कमिंग.

गाइडमध्ये ‘कॅन म्हणजे शकतो, कुड म्हणजे शकलो’ असं छापलेलं असतं. मग दुसरं वाक्य चूक का? आणि ‘कॅन’ असताना ‘एबल टू’ लागतं कशाला? पाठांतर नको आहे. मराठी वाक्य ऐकल्याबरोबर कुठला इंग्रजी शब्द घ्यायचा हे ओळखता येईल, अशी काही खूण असेल तर सांगा.

शब्दखडू:

खूण आहे, आणि ती मराठीतच आहे. पण आधी तिसरं वाक्य घेऊ, कारण मुंबईतल्या ऑफिसांत रोज सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक तीच.

‘एबल’ हे क्रियापद नाही. ते ‘हॅपी’, ‘रेडी’, ‘सिक’ यांच्यासारखं विशेषण आहे; अर्थ ‘समर्थ’. म्हणून त्याच्या आधी ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बी, बीन यांपैकी काहीतरी लागतंच. ‘आय सिक’ म्हणत नाही, ‘आय ॲम सिक’ म्हणतो, तसंच ‘आय ॲम एबल’. उलट ‘कॅन’ आणि ‘कुड’ यांच्या पोटात ‘शकणे’ पूर्ण भरलेलं आहे, त्यांना मदतीला कोणी लागत नाही. ‘कुड नॉट एबल टू’ म्हणताना एका वाक्याचं डोकं आणि दुसऱ्याचं धड जोडलं जातं. फळ्यावर दोन ओळी एकाखाली एक लिहा:

आय – कुडन्ट – कम.
आय – वॉजन्ट एबल टू – कम.

विद्यार्थ्याने एक ओळ धरायची आणि शेवटपर्यंत तिच्यावरच राहायचं. मधेच खालच्या ओळीवर उडी मारली की चूक झालीच. ‘कॅनॉट एबल टू’ची कथाही तीच.

आता ‘शकलो’. गाइडमधलं ते समीकरणच गोंधळाचं मूळ आहे. मराठीत भूतकाळातल्या क्षमतेची तीन वेगळी रूपं आहेत आणि ती आपण न चुकता वापरतो:

लहानपणी मला झाडावर चढता यायचं.
त्या दिवशी मला झाडावर चढता आलं.
मला झाडावर चढता आलं असतं.

पहिल्यात अंगात कसब होतं एवढंच सांगितलंय. अमुक दिवशी चढलो की नाही, याबद्दल वाक्य गप्प आहे. दुसऱ्यात एकदाच, पण प्रत्यक्ष चढलो. तिसऱ्यात चढणं शक्य होतं, पण चढलो नाही. ‘शकणे’ घेतलं तरी हेच तीन कप्पे पडतात: शकायचो किंवा शकत होतो, शकलो, शकलो असतो.

इंग्रजीतही तीनच कप्पे आहेत:

यायचं, शकायचो – कुड. ‘ॲज अ चाइल्ड, आय कुड क्लाइम्ब ट्रीज.’
आलं, शकलो – वॉज एबल टू किंवा मॅनेज्ड टू. ‘दॅट डे आय वॉज एबल टू क्लाइम्ब द ट्री.’
आलं असतं, शकलो असतो – कुड हॅव आणि क्रियापदाचं तिसरं रूप. ‘आय कुड हॅव क्लाइम्ड द ट्री.’

म्हणजे ‘कुड’ची खरी जोडी ‘शकायचो’शी आहे, ‘शकलो’शी नाही. गाइडने शब्द चुकीच्या कप्प्यात ठेवला आणि पुढच्या सगळ्या चुका तिथून निघाल्या.

दुसऱ्या वाक्यात याचा परिणाम बघा. ‘आय कुड गेट ऑफ ॲट दादर’ एवढंच म्हटलं तर इंग्रजी ऐकणाऱ्याला ‘उतरलो’ असं वाटतच नाही. त्याला ऐकू येतं: ‘हवं तर मी दादरला उतरेन, तसंही करता येईल.’ कारण ‘कुड’चा आजच्या काळातला एक रोजचा उपयोग सुचवणीचा आहे. काल घडलेली गोष्ट सांगताना ती उद्याची सूचना वाटते. बरोबर वाक्य: ‘द ट्रेन वॉज पॅक्ड, बट आय मॅनेज्ड टू गेट ऑफ ॲट दादर.’ गाडीतून उतरण्याला ‘गेट ऑफ’. ‘गेट डाऊन’ आपल्याकडे सर्रास चालतं, पण बाहेरच्या माणसाला ते झाडावरून किंवा शिडीवरून खाली उतरणं वाटतं.

नकारात हा भेद पुसला जातो. ‘यायचं नाही’ आणि ‘आलं नाही’ दोन्हींना ‘कुडन्ट’ चालतं, आणि ‘वॉजन्ट एबल टू’सुद्धा. का, तर ‘कुड’ फक्त ताकद सांगतो, काम झालं की नाही हे सांगत नाही. पण ताकदच नव्हती म्हटलं की काम झालं नाही हे आपोआप आलं. म्हणून तिसऱ्या वाक्याला सरळ ‘आय कुडन्ट कम ऑन मंडे’. विद्यार्थी ‘नाही’वालं वाक्य बोलत असेल तर त्याला बिनधास्त ‘कुडन्ट’ वापरू द्या. अडवायचं ते फक्त होकारात, एकदाच घडलेल्या गोष्टीत.

तिथेही थोडे अपवाद आहेत, आणि ते माहीत नसले तर विद्यार्थ्याचं बरोबर वाक्य आपणच चूक ठरवू. दिसणं, ऐकू येणं, वास येणं, चव लागणं, जाणवणं, समजणं, आठवणं यांना एका वेळच्या प्रसंगातही ‘कुड’च चालतो: ‘आय कुड हिअर द अनाउन्समेंट फ्रॉम द ब्रिज.’ ‘ओन्ली’ किंवा ‘हार्डली’ असेल तरी चालतो, कारण अर्थ नकाराकडे झुकतो: ‘आय कुड ओन्ली गेट टू टिकेट्स.’ आणि ‘आय ॲम ग्लॅड यू कुड कम’ हेही अगदी बरोबर, जरी पाहुणा प्रत्यक्ष आलेला असला तरी.

पाचवं वाक्य तिसऱ्या कप्प्यातलं: ‘आय कुड हॅव कम बाय ॲन अर्लिअर ट्रेन.’ कम–केम–कम, म्हणून ‘कुड हॅव केम’ नाही. घाईत बोलताना हे ‘कुडव्ह’ असं ऐकू येतं. त्यामुळे इंग्रजी मातृभाषा असलेली माणसंही ‘हॅव’च्या जागी ‘ऑफ’ लिहून बसतात. ऐकीव इंग्रजीवर शिकणाऱ्यांकडून ते ‘हॅव’ लिहूनच घ्या.

तिसरा_बाक:

वरचं सगळं मान्य. पहिल्या वाक्याबद्दल माझी भर.

‘ता येणे’ आणि ‘शकणे’ यांत मराठी फरक करते. ‘मला पोहता येतं, पण आज पोहू शकत नाही, खांद्याला टाके आहेत.’ येतं म्हणजे शिकलेलं आहे, शकत नाही म्हणजे आत्ता शक्य नाही. इंग्रजी दोन्हींना ‘कॅन’ वापरते: ‘आय कॅन स्विम, बट आय कान्ट टुडे.’ शिकलेलं आहे हे ठसवायचं असेल तर ‘आय नो हाउ टू स्विम’. यातला ‘हाउ’ गाळायचा नाही. ‘आय नो टू स्विम’, ‘आय नो टू ड्राइव्ह’ ही वाक्यं चूक आहेत. ‘आय नो स्विमिंग’चा अर्थ कळतो, पण इंग्रजी माणूस असं बोलत नाही. भाषेचं मात्र ‘आय नो मराठी’ चालतं, कारण तिथे जाणण्याची वस्तू समोर आहे; तरी रोजच्या बोलण्यात ‘आय स्पीक मराठी’ किंवा ‘आय कॅन स्पीक मराठी’ जास्त सहज.

जुन्या इंग्रजीत ‘कॅन’चा मूळ अर्थच ‘जाणणे’ असा होता. ‘नो’ आणि ‘कनिंग’ हे शब्द त्याच मुळातले. त्यामुळे ‘येतं’ आणि ‘कॅन’ ही जोडी विद्यार्थ्यांना डोळे मिटून देता येते.

‘कॅन’च्या अंगचे तीन नियम एका दमात: पुढे ‘टू’ नाही, ‘ही’ आणि ‘शी’ला ‘एस’ नाही, प्रश्नात ‘डू’ नाही. ‘शी कॅन ड्राइव्ह’, ‘कॅन शी ड्राइव्ह?’ एवढंच.

आणि ‘एबल टू’ कशाला लागतं, तर ‘कॅन’ लंगडा आहे म्हणून. त्याला ‘विल’नंतर, ‘हॅव’नंतर, ‘टू’नंतर, ‘माइट’ किंवा ‘शुड’नंतर उभंच राहता येत नाही. ‘विल कॅन’, ‘हॅव कॅन’, ‘टू कॅन’ असं काही इंग्रजीत नाही. त्या प्रत्येक जागी ‘बी एबल टू’ येतं: विल बी एबल टू, हॅव बीन एबल टू, टू बी एबल टू, माइट बी एबल टू. त्यामुळे ज्या जागी ‘कॅन’ किंवा ‘कुड’ नीट बसतो तिथे तोच वापरा, आणि जिथे बसत नाही तिथे ‘एबल टू’. ‘आय ॲम एबल टू स्पीक मराठी’ व्याकरणाने चूक नाही, पण ऐकणाऱ्याला वाटेल की काल बोलता येत नव्हतं, आज जमायला लागलं.

उलट दिशेची एक मर्यादा: जिथे कर्त्यावर क्रिया केली जाते तिथे ‘एबल टू’ अवघडतं. ‘हा पंखा दुरुस्त होऊ शकतो’ याला ‘धिस फॅन कॅन बी रिपेअर्ड’. ‘इज एबल टू बी रिपेअर्ड’ कोणी म्हणत नाही.

जोडाक्षर:

सहावं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि त्यावर वर्गात सगळ्यात कमी वेळ दिला जातो. त्यात ‘शकणे’ नाही, ‘ता येणे’ही नाही, म्हणून विद्यार्थ्याच्या मनात ‘कान्ट’ येतच नाही.

मराठीत असमर्थता दाखवायला कितीतरी वेळा साधं क्रियापद पुरतं. दिसत नाही, ऐकू येत नाही, सापडत नाही, सुचत नाही, आठवत नाही, हात पोचत नाही, ठरत नाही, परवडत नाही. इंग्रजी या प्रत्येक ठिकाणी ‘कान्ट’ मागते:

चष्मा सापडत नाहीये – आय कान्ट फाइंड माय ग्लासेस. ‘आय ॲम नॉट गेटिंग माय स्पेक्स’ नाही.
बोर्ड दिसत नाही – आय कान्ट सी द बोर्ड.
तुमचा आवाज येत नाहीये – आय कान्ट हिअर यू.
नाव आठवत नाही – आय कान्ट रिमेंबर द नेम. इथे ‘डोन्ट रिमेंबर’ही चालतं.
माळ्यावर हात पोचत नाही – आय कान्ट रीच द लॉफ्ट.
काय लिहावं सुचत नाही – आय कान्ट थिंक ऑफ एनीथिंग टू राइट.
दादरला भाडं परवडत नाही – आय कान्ट अफोर्ड द रेंट इन दादर.

फोनवर बरेच जण ‘आय ॲम नॉट एबल टू हिअर यू’ म्हणतात. चूक नाही, पण रेंज जात असताना तीन शब्द जास्त बोलावे लागतात आणि समोरच्याला ते कान बिघडल्यासारखं ऐकू येतं. ‘आय कान्ट हिअर यू’ पुरे.

मग आहे मराठीतलं शक्य क्रियापद: मला जिने चढवत नाहीत, हे बघवत नाही, आता खाववत नाही. यांनाही ‘कान्ट’च, फक्त सोबत एखादा शब्द जोडला की भाव उतरतो. चढवत नाहीत – ‘आय कान्ट क्लाइम्ब स्टेअर्स एनी मोअर’. बघवत नाही – ‘आय कान्ट बेअर टू लुक’. खाववत नाही – ‘आय कान्ट ईट एनी मोअर’. ‘चालवत नाही’ला जपा. ‘मला आता चालवत नाही’ म्हणजे ‘आय कान्ट वॉक एनी फर्दर’, आणि ‘मी गाडी चालवत नाही’ म्हणजे ‘आय डोन्ट ड्राइव्ह’. मराठीत रूप एकच आहे. ‘मला’ आहे की ‘मी’ आहे ते बघून ठरवायचं.

निर्जीव वस्तूंचं वेगळंच आहे. दार उघडत नाही, फाइल उघडत नाही, गाडी चालू होत नाही. तिथे इंग्रजी ‘वोन्ट’ वापरते: ‘द डोअर वोन्ट ओपन’, ‘द बाइक वोन्ट स्टार्ट’. यात भविष्यकाळ नाही. वस्तू ऐकतच नाही असा भाव आहे, आपण ‘हे कुलूप काही केल्या उघडेना’ म्हणतो तसा. ‘उघडेना’, ‘हलेना’, ‘लागेना’ अशी रूपं विद्यार्थ्यांच्या तोंडी असतात, त्यांच्याशी ‘वोन्ट’ जोडून द्या, म्हणजे लगेच बसेल. कालचं सांगताना ‘वुडन्ट’: ‘द लॉक वुडन्ट ओपन’.

रात्रशाळा_परळ:

खूप उपयोगी. यायचं, आलं, आलं असतं हे तीन कप्पे उद्याच फळ्यावर घेतो. दोन शंका राहिल्या. ‘वॉज एबल टू’ आणि ‘मॅनेज्ड टू’ यांत काय निवडायचं? आणि चौथ्या वाक्यासाठी, म्हणजे रजेच्या मेलसाठी, नेमकं काय शिकवू? क्लार्क मंडळींना त्याचीच गरज जास्त आहे.

शब्दखडू:

पहिल्या शंकेचं उत्तर छोटं आहे. ‘मॅनेज्ड टू’त खटपट दिसते, ‘कसंबसं जमवलं’. गर्दीतून उतरणं, शेवटच्या मिनिटाला गाडी पकडणं, बंद व्हायच्या आत खिडकीवर पोचणं याला ‘मॅनेज्ड’ शोभतं. ‘वॉज एबल टू’ निव्वळ जमलं एवढं सांगतं. खटपट नव्हतीच तर दोन्ही सोडून साधा भूतकाळ घ्या: ‘आय बॉट टू टिकेट्स’. ‘सक्सीडेड’ घेतलंत तर पुढे ‘इन’ आणि आयएनजी लागतं, ‘सक्सीडेड इन गेटिंग’. बोलण्यात ते जड होतं.

फलाट_चार:

रजेच्या मेलबद्दल मी लिहितो. आधी तीन ‘नाही’ वेगळे करा, कारण यात चूक झाली तर ती व्याकरणापुरती राहत नाही, समोरचा दुखावतो.

मी उद्या येणार नाही – आय वोन्ट कम टुमॉरो.
मी उद्या येऊ शकत नाही – आय कान्ट कम टुमॉरो.
मला उद्या येणं जमणार नाही – आय वोन्ट बी एबल टू कम टुमॉरो.

पहिलं वाक्य साहेबांना ठाम नकार वाटू शकतं, ‘माझी इच्छा नाही’ असं. दुसरं बरोबर आहे, पण कोरडं. ‘कॅन’ला उद्याची गोष्टही सांगता येते, बेत आत्ता ठरत असेल तर: ‘आय कॅन कम ॲट सिक्स टुमॉरो’. जी क्षमता अजून यायची आहे तिथे मात्र तो चालत नाही: ‘आफ्टर धिस कोर्स, आय विल बी एबल टू युज एक्सेल’. रजेसाठी तिसरं वाक्य सगळ्यात सौम्य. भेटीचं किंवा कार्यक्रमाचं ‘जमणार नाही’ असेल तर ‘आय ॲम अफ्रेड आय वोन्ट बी एबल टू मेक इट’. इथे ‘अफ्रेड’ म्हणजे भीती नाही, ‘माफ करा, पण’ एवढंच.

आता नेहमीचा मेल घेऊ:

‘ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर आय कॅनॉट एबल टू कम टू ऑफिस सिन्स टू डेज अँड टुमॉरो ऑल्सो आय विल नॉट एबल.’

दुरुस्त करताना दोन काळ वेगळे करायचे. सोमवारपासून आत्तापर्यंत येता आलेलं नाही, यातलं ‘आलेलं नाही’ म्हणजे ‘हॅव बीन अनएबल टू’ किंवा ‘हॅव नॉट बीन एबल टू’. ‘सिन्स’नंतर सुरुवातीचा दिवस येतो, ‘फॉर’नंतर मुदत, म्हणून ‘सिन्स मंडे’ किंवा ‘फॉर टू डेज’. उद्याचं ‘शकणार नाही’ म्हणजे ‘विल नॉट बी एबल टू’. झालेला मेल असा:

‘आय हॅव हॅड अ फीवर सिन्स मंडे अँड हॅव बीन अनएबल टू कम टू ऑफिस. आय विल नॉट बी एबल टू कम टुमॉरो आयदर. प्लीज ग्रँट मी लीव्ह फॉर दीज थ्री डेज.’

मंगळवारी लिहिला तर सोमवार, मंगळवार, बुधवार असे तीन दिवस बरोबर बसतात. नकारात शेवटी ‘ऑल्सो’ नाही, ‘आयदर’.

‘सकाळपासून फाइल उघडता येत नाहीये’ हेही याच घरातलं. ‘सिन्स मॉर्निंग आय ॲम नॉट एबल टू ओपन’ नाही. ‘आय हॅव नॉट बीन एबल टू ओपन द फाइल सिन्स धिस मॉर्निंग’. मराठीत चालू वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीला पासून-आत्तापर्यंत म्हटलं की ‘हॅव’ हवाच.

‘अनएबल टू’ लिहिण्यात शोभतं, बोलण्यात ‘कान्ट’ बरा. नाम करायचं तर ‘अनएबल’चं नाम ‘इनअबिलिटी’ होतं, ‘अनअबिलिटी’ नव्हे. ‘डिसअबिलिटी’चा अर्थ दिव्यांगत्व, बैठकीला न येण्याचं कारण म्हणून तो शब्द लिहिला तर अर्थाचा अनर्थ होतो. आणि ‘अबिलिटी’नंतर ‘टू’ लागतं, ‘अबिलिटी टू वर्क’, तर ‘केपेबल’नंतर ‘ऑफ’ आणि आयएनजी, ‘केपेबल ऑफ वर्किंग’. बायोडेटात ‘केपेबल टू वर्क अंडर प्रेशर’ फार वेळा दिसतं, ते बदलून घ्या.

तिसरा_बाक:

उच्चाराकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, आणि कुरिअरवाल्या विद्यार्थ्यांना फोनवर खरी अडचण तिथेच येणार.

मराठीत आपण प्रत्येक अक्षराला साधारण सारखं वजन देतो. त्यामुळे ‘आय कॅन डिलिव्हर टुडे’ म्हणताना ‘कॅन’ ठसठशीत येतो. इंग्रजी कानाला ठसठशीत ‘कॅन’ म्हणजे ‘कॅन्ट’ वाटतो, कारण अमेरिकी ‘कॅन्ट’मधला शेवटचा ‘ट’ बऱ्याचदा जिभेवरच थांबतो, बाहेर पडत नाही. होकार दिला आणि समोरच्याने नकार ऐकला, असं होतं.

उपाय असा. होकारात ‘कॅन’ जवळजवळ गिळायचा, ‘क्न’ एवढाच, आणि वजन पुढच्या क्रियापदावर टाकायचं: आय क्न डिलिव्हर. नकारात वजन ‘कान्ट’वरही टाकायचं. बाकावर बोटाने टकटक करून सराव घ्या: ‘आय क्न स्विम’ला एकच टक, ‘स्विम’वर, ‘आय कान्ट स्विम’ला दोन टक, ‘कान्ट’वर आणि ‘स्विम’वर. मुंबईत शिकणाऱ्यांनी ब्रिटिश ‘कान्ट’ घेतलेला बरा, कारण त्यात स्वरच बदलतो आणि ‘ट’ नाही ऐकू आला तरी अर्थ हरवत नाही. पैशाचा किंवा वेळेचा मामला असेल तर पूर्ण ‘कॅनॉट’ म्हणा: ‘वी कॅनॉट डिलिव्हर टुडे.’ लिहिताना ते एकच शब्द, मधे जागा नाही.

‘येस, आय कॅन’मध्ये मात्र ‘कॅन’ पूर्ण उच्चारायचा, कारण तो वाक्याच्या शेवटी आहे.

‘कुड’मध्ये ‘एल’ लिहितात पण म्हणत नाहीत. तो मुळात तिथे नव्हताच. ‘वुड’ आणि ‘शुड’च्या स्पेलिंगमध्ये आधीपासून होता, त्यांच्या नादाने ‘कुड’मध्येही आला.

जोडाक्षर:

पाच वाक्यं देतो, उद्याच्या तासाला घ्या आणि उत्तरं इथे टाका.

अ. मेगाब्लॉक होता तरी आम्हाला वेळेत पोचता आलं.
आ. आजीला मोडी वाचता यायची.
इ. पासवर्ड आठवत नाहीये.
ई. पुढच्या महिन्यापर्यंत मला हे मशीन चालवता येईल.
उ. तुम्ही फोन करू शकला असतात.

रात्रशाळा_परळ:

वर्गातली उत्तरं:

अ. देअर वॉज अ मेगाब्लॉक, बट वी मॅनेज्ड टू रीच ऑन टाइम.
आ. ग्रँडमदर वॉज एबल टू रीड मोडी.
इ. आय कान्ट रिमेंबर माय पासवर्ड.
ई. बाय नेक्स्ट मंथ आय विल एबल टू ऑपरेट धिस मशीन.
उ. यू कुड हॅव कॉल्ड.

जोडाक्षर:

अ, इ, उ बरोबर. अ मध्ये ‘रीच’ऐवजी ‘गेट देअर’ केलंत तर आणखी सहज, कारण ‘रीच’ला पुढे ठिकाणाचं नाव लागतं.

आ चूक नाही, पण ‘यायची’ ऐकू आलं की पहिला हात ‘कुड’कडे जायला हवा: ‘ग्रँडमदर कुड रीड मोडी’. आता डोळ्यांमुळे वाचता येत नाही असं पुढे सांगायचं असेल तर ‘युज्ड टू बी एबल टू रीड’ घ्या.

ई मध्ये ‘बी’ गळला. ‘विल बी एबल’ भरभर बोललं की ‘बी’ आणि ‘एबल’ एकमेकांत मिसळतात, त्यामुळे कानाला तो ऐकूच येत नाही आणि लिहितानाही सुटतो. ज्यांचा सुटला त्यांच्याकडून हेच वाक्य आधी नकारात करून घ्या, ‘आय वोन्ट बी एबल टू’. तिथे ‘वोन्ट’नंतर किंचित थांबावं लागतं आणि ‘बी’ सुटा उच्चारला जातो. मग तेच ‘बी’ जागेवर ठेवून होकारात आणा.